शेतमालाची वाहतूक : सुरक्षितता आणि आणीबाणीची पूर्वतयारी



पीक हाती आले की हंगाम संपला, असे आपण मानतो. प्रत्यक्षात माल खळ्यावरून, मळ्यातून किंवा गोठ्यातून निघून बाजारात पोहोचेपर्यंत पिकाचे शेवटचे काम शिल्लक असते. हे काम म्हणजे वाहतूक. बियाण्याची उगवण क्षमता आपण पेरणीपूर्वी तपासतो, पंपाचे नोझल फवारणीपूर्वी साफ करतो. मात्र ट्रॉलीच्या हुकाची पिन झिजली आहे काय, ओढ्यावरच्या फरशीवर पाणी आले तर माल कोणत्या वाटेने न्यायचा, रस्ता चार दिवस बंद राहिला तर दुधाचे काय करायचे, याचा विचार बहुधा प्रसंग गुदरल्यावरच होतो.

ऑगस्ट २०१९ मधील महापूर अनेकांच्या स्मरणात असेल. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, तेथे पाणी ५५ फुटांवर पोहोचले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि अनेक दिवस वाहने जागच्या जागी थांबली. जुलै २०२१ मध्ये हाच महामार्ग पुन्हा काही दिवस बंद पडला. ज्यांचे शिवार पुरापासून दूर आणि कोरडे होते, त्यांचेही नुकसान झाले, कारण त्यांच्या मालाची वाट पाण्याखाली होती.

प्रस्तुत लेखात वाहन, भरणी, रस्ता आणि आणीबाणी या क्रमाने, शेतकऱ्याला स्वतः करता येण्याजोग्या उपायांची माहिती दिली आहे.

धोका कोणत्या महिन्यात कोठे असतो?

वाहतुकीतील धोके हंगामाप्रमाणे बदलतात. त्यामुळे पिकाच्या वेळापत्रकासारखे वाहतुकीचेही वेळापत्रक मनाशी ठरवावे.

जून ते सप्टेंबर : ओढे-नाल्यांना पूर, फरशी पुलांवरून वाहणारे पाणी, घाटात दरडी, निसरडे शेतरस्ते. दूध, भाजीपाला आणि पशुखाद्याच्या वाहतुकीवर सर्वाधिक परिणाम.

ऑक्टोबर ते मार्च : साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. रात्रीची ऊस वाहतूक, पहाटेचे धुके, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, झोप न झालेले चालक.

फेब्रुवारी ते मे : कडबा, भुसा आणि कापसाची वाहतूक. आगीचा, तसेच लोंबकळणाऱ्या वीजतारांना भार लागण्याचा धोका. हवा कमी असलेले टायर उन्हात तापून फुटतात. फळे व भाजीपाला उष्णतेने लवकर खराब होतो.

वाहनाची तपासणी

हंगामापूर्वी कारागिराकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावीच. त्याखेरीज प्रत्येक फेरीपूर्वी पुढील पाच बाबी चालकाने स्वतः पाहाव्यात. या तपासणीस पाच मिनिटे पुरतात.

१) ब्रेक : ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक शेतात वळण्यासाठी वेगवेगळे वापरले जातात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल जोडणारी कडी लावलीच पाहिजे. एकाच चाकाला ब्रेक लागला तर भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

२) हुक व पिन : योग्य जाडीची पिन आणि तिच्या खाली अडकवणी असावी. पिनेऐवजी सळईचा तुकडा घालू नये. ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यात एक जादा साखळी लावावी. पिन निसटली तरी साखळीमुळे ट्रॉली मोकाट सुटत नाही.

३) टायर : हवा, चिरा आणि नटबोल्ट पाहावेत. हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि भाराखाली फुटतो.

४) दिवे : पुढचे दिवे, मागचे लाल दिवे आणि वळणाचे दिवे चालू असावेत. ट्रॉलीची दिव्यांची वायर तुटलेली असणे हा नित्याचा दोष आहे.

५) परावर्तक पट्ट्या : ज्याला आपण बोलीभाषेत ‘रेडियम’ म्हणतो, त्या पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या व मागे लाल अशा लावाव्यात. चिखल उडाला असल्यास ओल्या फडक्याने पुसाव्यात. ऊस किंवा कडबा मागे लोंबत असेल तर ट्रॉलीवरची पट्टी झाकली जाते. अशा वेळी भाराच्या टोकाला वेगळी पट्टी किंवा लाल दिवा बांधावा.

मागच्या दिव्याला एवढे महत्त्व का, हे एका साध्या हिशोबाने समजेल. ताशी ६० कि.मी. वेगाने येणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत चालकाला साधारण दीड सेकंद लागतो, तेवढ्यात २५ मीटर संपतात. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण अंतर झाले ५३ मीटर. दिवा खाली केलेला असताना अंधारातली बिनदिव्याची ट्रॉली जेमतेम ३० ते ४० मीटरवर दिसते. म्हणजे चालक कितीही सावध असला तरी धडक टळत नाही. तीच ट्रॉली परावर्तक पट्टीमुळे १५० मीटरवरून दिसली, तर त्याच्या हाती जवळजवळ ९ सेकंद असतात. थोड्या रुपयांची पट्टी एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचवते, तो अशी.

वाहन रस्त्यात बंद पडल्यास ते शक्य तेवढे डावीकडे घ्यावे, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि परावर्तक त्रिकोण वाहनामागे किमान ७० पावलांवर, म्हणजे सुमारे ५० मीटरवर ठेवावा. महामार्गावर हे अंतर दुप्पट करावे. आपल्याकडे वाहनाभोवती मोठे दगड मांडण्याची पद्धत आहे. काम झाल्यावर वाहन निघून जाते आणि दगड तेथेच राहतात. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्याच्या जिवावर ते बेततात. दगड लावू नयेत आणि लावलेच तर उचलल्याशिवाय वाहन हलवू नये.

भरणी करताना घ्यावयाची काळजी

नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त भार भरू नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु दंडापेक्षा उताराची भीती मोठी आहे. भार वाढला की थांबण्याचे अंतर वाढते आणि ब्रेक तापून निकामी होतात.

भाराची उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. जड माल खाली व ट्रॉलीच्या मध्यावर, हलका माल वर अशी रचना असावी. उंच भरलेल्या कडब्याच्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि रस्त्याची एक बाजू खचलेली असली तरी ती कलंडते. कडबा नेण्यापूर्वी वाट दिवसा एकदा चालून पाहावी. तारा खाली लोंबकळत असतील तर वीज कर्मचाऱ्यांना कळवावे. काठीने किंवा बांबूने तार उचलून ट्रॉली खालून काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

भरलेल्या ट्रॉलीवर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणसे बसवू नयेत. ऊसतोड मजूर, त्यांची मुले, बाजाराला निघालेल्या स्त्रिया यांना ‘जाता जाता’ बसवून घेतले जाते. एका खड्ड्यात भार हलला की वरचा माणूस थेट चाकाखाली येतो. मालवाहू वाहनात प्रवासी बसवल्यास विम्याची भरपाई मिळण्यातही अडचण येते.

कीडनाशके, तणनाशके आणि खाद्यपदार्थ एकत्र नेऊ नयेत. १९५८ साली केरळमध्ये वाहतुकीदरम्यान पॅराथिऑन हे कीडनाशक गव्हाच्या पिठात मिसळले गेले आणि ते अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. या घटनेनंतर देशात १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. कृषी सेवा केंद्रातून परतताना औषधाचा डबा आणि घरचे पीठ-मीठ एकाच पिशवीत टाकणे, हा त्याच चुकीचा लहान प्रकार आहे. औषधांसाठी झाकणाची वेगळी बादली किंवा क्रेट ठेवावे. पशुखाद्याच्या पोत्यांनाही हाच नियम लागू आहे.

घाट आणि उतार

ज्या गिअरमध्ये भरलेले वाहन चढ चढते, त्याच गिअरमध्ये ते उतरवावे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर वाहन न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा अडसर काढून सगळा भार ब्रेकवर टाकणे होय. पावसात घाटात थांबण्याची वेळ आली तर कड्याच्या पायथ्याशी किंवा ताज्या माती-दगडांच्या जवळ थांबू नये. डोंगरातून अचानक गढूळ पाणी येऊ लागणे, लहान खडे सतत घसरणे, रस्त्याला नवी भेग पडणे ही दरडीची पूर्वचिन्हे आहेत.

या बाबतीत कोकण रेल्वेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे गाडी घसरून सुमारे ५० प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढील काळात कड्यांचे उतार कमी करणे, दगड अडवण्यासाठी जाळ्या बसवणे अशी कामे मोठ्या प्रमाणावर झाली. पावसाळ्यात या मार्गावर वेगळे वेळापत्रक असते. गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि गस्त वाढवतात. काळी, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी कळवणारी यंत्रणा आहे, तर पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण आहे. वारा किंवा पाणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की काय करायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असते. गाडीला उशीर होतो, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखले जाते. आपणही पावसाळ्यात बाजाराला निघण्याची वेळ तासभर अलीकडे आणावी. उशीर झाला म्हणून वेग वाढवण्याची वेळच येऊ देऊ नये.

वाहते पाणी : अंदाज नको, नियम हवा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या व इतर काही वाहने प्रवाहात गेली. रात्रीच्या अंधारात पूल उरला नाही, हे येणाऱ्या वाहनांना दिसण्याचा मार्ग नव्हता. शेजारी नवा पूल बांधून २०१७ च्या जूनमध्ये वाहतूक सुरू झाली. परंतु आपल्या वाटेवरील प्रत्येक लहान फरशी, मोरी आणि साकव यांच्याबाबत ही घटना एक कायमचा धडा देते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे, असे कधीही गृहीत धरू नये.

वाहन जड आहे म्हणून ते वाहून जाणार नाही, ही समजूत चुकीची आहे. पिकअप गाडीचा तळ ४ मीटर लांब व १.६ मीटर रुंद धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ६.४ चौरस मीटर होते. पाणी तळाच्या वर १५ सें.मी. चढले की गाडी ९६० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजेच पाणी तिला ९६० किलोइतके वर उचलते. दीड टन वजनाची रिकामी गाडी तळाच्या वर वीतभर पाण्यातच तरंगू लागते. चाकांची पकड सुटली की पुढचे काम प्रवाह करतो. ट्रॅक्टर उंच असला तरी त्याच्या चाकांखालची भरावाची माती केव्हा वाहून जाईल, हे सांगता येत नाही.

म्हणून नियम एकच ठेवावा : फरशीवरून पाणी वाहत असेल आणि कडेचे दगड दिसत नसतील, तर वाहन घालू नये. रात्री तर मुळीच नाही.

हा नियम ठाऊक असूनही माणसे पाण्यात का जातात? लेखकाच्या गावी घडलेला एक प्रसंग येथे सांगणे उपयुक्त ठरेल. मोटारसायकलला दोन कॅन बांधून वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करणारा एक तरुण होता. एका पावसाळी संध्याकाळी ओढ्याला पाणी पाहून तो माघारी फिरला. दूध नासले आणि त्याचे पैसे त्याच्या मजुरीतून कापले गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच पाणी आले. या वेळी तो फिरला नाही. रात्रभर बाभळीला धरून राहिल्यामुळे तो वाचला, मोटारसायकल आणि कॅन मात्र गेले. पहिल्या दिवशी त्याने योग्य निर्णय घेतला होता. त्या निर्णयाची शिक्षा आपण त्याला दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाण्यात ढकलले.

यातून घ्यावयाचा बोध असा की, ओढ्याच्या काठावर एकट्या उभ्या असलेल्या चालकावर निर्णय सोपवू नये. निर्णय कोरड्या दिवशी, घरी बसून, मालकाने घ्यावा व चालकाला स्पष्ट शब्दांत सांगावा : “पाणी दिसले तर माघारी फिर. मालाचे नुकसान माझे. तुझी मजुरी कापली जाणार नाही.” दूध संस्था, बागायतदार गट आणि ऊस वाहतूकदार यांनी हे वाक्य हंगामाच्या आरंभीच सर्वांसमक्ष ठरवून घ्यावे. एका खेपेच्या मालाची भरपाई पुढच्या खेपेत निघते, माणसाची निघत नाही.

पर्यायी वाट आणि निरोपाची साखळी

प्रत्येक गावाने आपल्या मालाच्या वाटा कागदावर मांडाव्यात. नेहमीची वाट, पूर आल्यावरची वाट आणि दोन्ही बंद पडल्यास माल ठेवण्याची जागा, अशा तीन नोंदी पुरेशा आहेत. पर्यायी वाटेवरील पुलाची भारक्षमता, अरुंद वळणे आणि रात्री उघडा असणारा डिझेल पंप यांची माहिती आधी घ्यावी. नदीकाठच्या गावांनी इशारा पातळी कळताच (राजाराम बंधारा ३९ फूट, आयर्विन पूल ४० फूट) तोडणी व भरणी थांबवावी आणि वाहने उंच जागी, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून उभी करावीत. हवामान विभागाचा नारंगी किंवा लाल इशारा असताना लांबच्या बाजारासाठी काढणी करू नये.

रस्त्याखेरीज अन्य मार्गही माहीत असावेत. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा दरम्यान भरलेले ट्रकच रेल्वेवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते मोकळे असूनही बाजार आणि नाके बंद पडले, तेव्हा ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर ही पहिली किसान रेल्वे धावली. २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोला ते शालीमार ही शंभरावी गाडी सुटली. अशी सोय उपलब्ध होते तेव्हा प्रतवारी केलेला, क्रेटमध्ये भरलेला आणि गटाने एकत्र केलेला माल लगेच चढवता येतो. गोणीत कोंबलेला एकट्या शेतकऱ्याचा माल फलाटावर मागे राहतो. गटाने माल पाठवण्याची सवय आणीबाणीपूर्वीच लावून घ्यावी.

निरोपासाठी गावात दोन माणसे नेमावीत. चालकाने निघताना, निम्म्या वाटेवर आणि पोहोचल्यावर त्यांना कळवावे. ठरल्या वेळेनंतर तासाभरात निरोप न आल्यास चौकशी सुरू करावी. केवळ मोबाईलवर विसंबू नये, पुरात वीज गेली की मनोरेही बंद पडतात. महत्त्वाचे क्रमांक वहीत लिहिलेले असावेत.

रस्ता बंद पडल्यास मालाचे काय करावे?

दूध : न थंड केलेले दूध उन्हाळ्याच्या तापमानात ४ ते ५ तासांत नासू लागते. शक्य असल्यास काढल्यानंतर लगेच ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे. सोय नसल्यास कॅन विहिरीच्या थंड पाण्यात ठेवून दूध स्वच्छ ढवळणीने अधूनमधून ढवळावे आणि उरलेल्याचा खवा, पनीर, दही किंवा तूप करावे. दूध जात नाही म्हणून धार काढणे थांबवू नये, त्यामुळे कासदाह होण्याचा धोका असतो.

ऊस : तोडणीनंतर २४ तासांच्या आत गाळप व्हावे. उशीर झाल्यास वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. रस्ता बंद होण्याची चिन्हे दिसताच तोडणी थांबवावी, उभा ऊस अधिक सुरक्षित असतो. तोडलेला ऊस सावलीत रचून पाचटाने झाकावा व त्यावर पाणी शिंपडावे.

कांदा : भरलेल्या ट्रकवर ताडपत्री घट्ट बांधून ठेवल्यास आत उष्णता व दमटपणा वाढतो आणि कांदा घामेजून सडतो. पाऊस थांबताच बाजू मोकळ्या कराव्यात. मुक्काम लांबल्यास माल उतरवून हवेशीर जागी पातळ थरात पसरावा. भिजलेल्या गोण्या वेगळ्या कराव्यात.

टोमॅटो व भाजीपाला : लांबच्या बाजारासाठी टोमॅटो रंग पालटू लागताच काढावा. रस्ता अनिश्चित असेल तर तोडा पुढे ढकलावा. तोडलेला माल सावलीत व हवेशीर ठेवावा. तापमान १० अंशांनी वाढले की फळांच्या श्वसनाचा वेग दोन ते तीन पट होतो. त्यामुळे उन्हात उभ्या ट्रकमधील एक तास सावलीतील कित्येक तासांइतके नुकसान करतो.

केळी : पिकू लागलेला घड कच्च्या मालात ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे सगळा माल एकदम पिकतो.

पशुखाद्य व चारा : पावसाळ्यापूर्वी किमान आठवड्याचा सुका चारा आणि पशुखाद्य उंच जागी साठवावे. मोठ्या जनावरास दिवसाला ५ ते ६ किलो सुका चारा धरला, तर चार जनावरांस आठवड्याला सुमारे १४० ते १७० किलो लागतो.

अपघात झाल्यास

१) आधी स्वतः सुरक्षित राहावे. इंजिन बंद करावे, त्रिकोण लावावा, येणारी वाहने थांबवावीत.

२) १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ (पोलीस व तातडीची मदत) या क्रमांकांवर कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि पूर-दरडीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक उपयोगी पडतो. ठिकाण सांगताना किलोमीटरचा दगड, गावाचे नाव व रस्त्याची दिशा सांगावी.

३) रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. मानेला किंवा पाठीला मार असल्याची शंका असेल तर, आग किंवा पाण्याचा धोका नसल्यास, जखमीला ओढून हलवू नये.

४) वाहनाला वीजतार लागली असल्यास चालकाने वरच बसून राहावे आणि कोणालाही जवळ येऊ देऊ नये. वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच उतरावे. आग लागल्यामुळे उतरणे भागच असेल, तर वाहन व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून उडी घ्यावी आणि पाय न उचलता सरपटत दूर जावे.

५) जखमीला मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार अशा व्यक्तीस कायद्याचे संरक्षण आहे. चौकशीच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये.

वाहनात कायम ठेवावयाच्या वस्तू

परावर्तक त्रिकोण, बॅटरी, दोन लाकडी ठोकळे, जॅक व पाना, २० मीटर मजबूत दोर, जादा पिन, ताडपत्री, प्रथमोपचार पेटी, भुकटीचे अग्निशामक नळकांडे, पिण्याचे पाणी, कोरडे खाणे. कागदपत्रांमध्ये नोंदणी पुस्तक, विमा, चालकाचा परवाना, मालाची नोंद व वजनकाट्याची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. बाजारातून परतताना मोठी रोख रक्कम जवळ न बाळगता पट्टीचे पैसे शक्यतो बँक खात्यावर घ्यावेत.

एक कागद, हंगामापूर्वी

वरील सर्व बाबी लक्षात ठेवणे कठीण आहे. म्हणून मृग निघण्यापूर्वी एकदा आणि कारखाना सुरू होण्यापूर्वी एकदा, घरातील कर्ते माणूस, चालक आणि शेजारचे दोन शेतकरी यांनी एकत्र बसून एक कागद तयार करावा. त्यावर पाच ओळी लिहाव्यात : वाहनाची तपासणी केव्हा झाली, नेहमीची व पर्यायी वाट कोणती, कोणत्या खुणेपर्यंत पाणी आले की वाहन थांबवायचे, थांबलेला माल कोठे ठेवायचा, आणि निरोप कोणाला द्यायचा. सहावी ओळ मालकाने स्वतःच्या हाताने लिहावी : माघारी फिरणाऱ्या चालकाची मजुरी कापली जाणार नाही. हा कागद ट्रॅक्टरच्या शेडमध्ये किंवा दूध संकलन केंद्रात भिंतीवर चिकटवावा.

या कागदाला खर्च नाही, अनुदानाची गरज नाही आणि कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पूर आणि दरड आपल्या हाती नाही. परंतु त्या दिवशी काय करायचे हे आदल्या दिवशी ठरवणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.